माशाच्या डोक्यात जबड्याचा उगम कसा वाचायचा

जबडा हा मुळात श्वास घेण्याच्या यंत्रणेतला एक भाग. चावायचं काम त्याच्याकडे नंतर आलं. वाचून मान डोलवायला हे वाक्य सोपं आहे. पण ते खरोखर पटायचं असेल, तर एक अख्खं माशाचं डोकं हातात घेऊन उलगडावं. पृष्ठवंशीय प्राण्यांना जबडा मिळाला त्याला ४३ कोटी वर्षांहून जास्त काळ लोटला. इतके जुने जीवाश्म शोधायला सह्याद्रीत हिंडून काही हाती लागणार नाही, कारण आपला काळा कातळ म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. मासळी बाजार मात्र घराजवळ आहे, आणि तिथल्या पाटीत हा पुरावा रोज येऊन पडतो.

खाली दिलेलं काम एका रविवारी सकाळी होतं. हाडं वाळायला पुढे दोन-तीन दिवस लागतात. घरात मासे शिजत नसतील तर निदान वाचून ठेवा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या सांगाड्यावरही यातलं बरंचसं दिसतं.

डोकं कोणतं आणि ते कसं मागायचं

रोहू घ्या. किलो-दीड किलोच्या माशाचं डोकं हाताळायला सोयीचं असतं, नागपूरपासून पुण्यापर्यंत कुठेही मिळतं, आणि रोहूची एक गंमत आहे जी सुरमईत किंवा पापलेटात नाही. ती पुढे येईल. रोहू नसेल तर कटला चालेल.

मावशींनी कोयता उचलायच्या आधी बोला, कारण सवयीने त्या दोन गोष्टी पटकन करतात: कल्ले ओरबाडून टाकतात आणि डोकं मधोमध फोडतात. म्हणून आधीच सांगायचं, "डोकं अख्खं ठेवा, फोडू नका, कल्लेही राहू द्या." तिसरी सूचना सगळ्यात महत्त्वाची. डोकं कल्ल्याच्या झाकणाला लागून कापू नका म्हणावं; छातीच्या पंखाच्या मागून कापून घ्यावं. आपल्याला हवी ती हाडांची जोडी खांद्याच्या हाडाच्या अगदी पुढे असते, आणि नेहमीचा घाव नेमका तिच्यावरच बसतो.

घरी एक चिमटा, छोटी कात्री, जुना टूथब्रश, मलमलचं फडकं, भिंग आणि रबरी हातमोजे काढून ठेवा. कल्ल्यांचे काटे बोटात गेले तर दोन दिवस ठणकतात.

शिजवण्याआधी पंप चालवा

हा भाग कच्च्या डोक्यावरच होतो, तेव्हा घाईने पातेलं चढवू नका.

डोकं डाव्या हातात मागून धरा. उजव्या हाताचा अंगठा तोंडात घालून खालचा जबडा सावकाश खाली ओढा आणि नजर तोंडावर न ठेवता बाजूला ठेवा. घशाचा तळ खाली उतरतो आणि दोन्ही बाजूंची कल्ल्यांची झाकणं बाहेर फाकतात. आता घसा खालून दाबा: तोंड मिटतं, झाकणं आत येतात. लोहाराचा भाता जसा पोट फुगवून हवा ओढतो आणि दाबून ती पुढे ढकलतो, तसंच इथे पाण्याचं चालतं. तोंड उघडून पाणी आत, तोंड मिटून तेच पाणी कल्ल्यांवरून बाहेर.

दुसरी चाचणी याहून बोलकी आहे. तोंडाला हात न लावता कल्ल्याचं झाकण मागे आणि वर ओढा. ताज्या डोक्यात खालचा जबडा आपोआप थोडा उघडतो. झाकणाची खालची हाडं एका चिवट बंधाने जबड्याच्या मागच्या कोपऱ्याला बांधलेली असतात, म्हणून. तोंड उघडण्याची एक दोरी अशी थेट श्वासाच्या झाकणाकडे गेलेली आहे.

याच जागी एक सिद्धांत उभा आहे. जबड्याची सुरुवात भक्ष्य पकडण्यासाठी झाली नसून जोरात श्वास घेण्यासाठी झाली, असं जॉन मॅलट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात मांडलं. चपळ माशाला प्राणवायू जास्त लागतो. पाणी जोराने कल्ल्यांवर ढकलायचं तर ते तोंडातून उलटं बाहेर यायला नको, म्हणजे तोंड घट्ट मिटता यायला हवं. मिटणारी कमान एकदा तयार झाली की समोरचा किडा त्याच झटक्यात अडकतो. ही मांडणी सर्वांना मान्य आहे असं नाही, पण हातात डोकं घेऊन दहा वेळा उघडझाप केल्यावर ती बिनबुडाची वाटत नाही.

कमानी मोजा

आता झाकण वर उचलून कात्रीने मुळाशी कापा. आत लालभडक कल्ले दिसतील. प्रत्येक बाजूला चार ओळी, आणि प्रत्येक ओळ एका हाडाच्या कमानीवर बसवलेली. कमानीच्या मागच्या कडेला लाल तंतू असतात, ते श्वासासाठी. आतल्या, म्हणजे तोंडाकडच्या कडेला पांढरट काटे असतात, ते अन्न गाळण्यासाठी.

कल्ल्यांची पहिली कमान चिमट्याने हलकेच ओढून तिचा आकार बघा. वरचा तुकडा, खालचा तुकडा, दोघांमध्ये सांधा, आणि तो कोन शेपटीकडे तोंड करून. मग माशाचं तोंड उघडून त्याचा बाजूने आकार बघा. वरचा जबडा, खालचा जबडा, दोघांमध्ये सांधा, कोन शेपटीकडे. एकामागे एक ठेवलेल्या त्याच आकृत्या, फक्त सर्वांत पुढची जाड आणि मोठी.

जर्मन शरीररचनातज्ज्ञ कार्ल गेगेनबाउर यांनी १८७०च्या दशकात हाच क्रम मांडला: सर्वांत पुढची कमान जबडा झाली, तिच्या मागची दुसरी त्याला आधार देणारी झाली, आणि बाकीच्या कल्ल्यांकडेच राहिल्या. तेव्हापासून आजवर या कल्पनेच्या बाजूने पुरावे जमत गेले, आणि तिला धक्केही बसले.

बाजूचे पुरावे आधी. मेंदूतून निघणाऱ्या नसा याच क्रमाने वाटल्या गेल्या आहेत. पाचवी नस जबड्याच्या कमानीला, सातवी दुसऱ्या कमानीला, नववी तिसरीला, दहावी मागच्या सगळ्यांना. दातांचे डॉक्टर दाढ काढताना इंजेक्शन देऊन बधिर करतात ती याच पाचव्या नसेची फांदी. शिवाय भ्रूणात या सगळ्या कमानींचा सांगाडा एकाच प्रकारच्या पेशींपासून बनतो. मेंदूची नळी बंद होताना तिच्या कडेवरून काही पेशी सुटतात आणि वाहत खाली कमानींत उतरतात; त्यांना न्यूरल क्रेस्ट पेशी म्हणतात. डोक्याची कूर्चा भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून येते (या पेशी सुटतात तो हाच थर) हे ज्युलिया प्लॅट या अमेरिकी अभ्यासिकेने १८९३ साली सॅलमँडरजातीच्या एका प्राण्याच्या भ्रूणावर दाखवलं होतं. तेव्हा ते कुणी मनावर घेतलं नाही. सांगाडा मधल्या थरातूनच येतो असं सगळे धरून चालले होते, आणि बाईंना विद्यापीठात पक्की जागाही मिळाली नाही. त्या कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्ह गावी राहिल्या आणि १९३१ साली तिथल्या महापौर झाल्या. विज्ञानाने त्यांचं म्हणणं कबूल केलं ते पुष्कळ नंतर.

तिसरा पुरावा उंदरांचा. कमानींना तू कितवी हे सांगणारी जनुकं असतात, त्यांना हॉक्स जनुकं म्हणतात. पहिल्या, म्हणजे जबड्याच्या कमानीत ती बंद असतात, दुसऱ्या कमानीत हॉक्सए२ चालू असतं. १९९३ साली हे एक जनुक निकामी केलेल्या उंदरांच्या पिल्लांमध्ये दुसऱ्या कमानीच्या जागी पहिल्या कमानीची हाडं दुसऱ्यांदा तयार झाली. पुढे २००२ साली डीएलएक्स५ आणि डीएलएक्स६ ही जोडी काढल्यावर खालच्या जबड्याच्या जागी वरच्या जबड्यासारखी रचना उगवली. याचा अर्थ कमानी मुळात एकाच साच्यातल्या असतात, आणि वर-खाली, पुढे-मागे हे भेद त्यांच्यावर जनुकं चढवतात.

आता धक्के. पुढची कमान पूर्ण कल्ला म्हणून वापरणारा, लाल तंतूंसकट, असा कोणताही प्राणी जीवाश्मात आजवर मिळालेला नाही. कॅनडातल्या बर्जेस शेल या जीवाश्मांनी भरलेल्या खडकातला मेटास्प्रिगिना हा ५० कोटी वर्षांहून जुना बोटभर प्राणी २०१४ साली नीट अभ्यासला गेला. त्याच्या कमानी जोडीजोडीने आहेत आणि सर्वांत पुढची जोडी जराशी जाड आहे. म्हणजे पुढची कमान वेगळं वळण घेऊ लागली ती फार आधीपासून. जबडा नसलेल्या लॅम्प्रे माशातही हीच कमान श्वास घेत नाही. पिल्लात ती घशातली एक पडदी बनून पाणी आत ढकलते. पुढची कमान हा कल्ल्यांच्या यंत्रणेचाच भाग होता, इथपर्यंत खात्रीने बोलता येतं. ती स्वतः कधी कल्ला होती, हे सांगताना जरा जपून बोलावं.

अर्थात त्याचीही एक खूण असू शकते, आणि ती तुमच्या समोर आहे. कापलेल्या झाकणाची आतली बाजू उजेडात धरा. अनेक माशांत तिथे पुढच्या-वरच्या कोपऱ्यात लहानसा लाल झुबका दिसतो. कल्ल्याचं पिल्लूच जणू, पण श्वासाच्या कामाचं नाही. पाकटाच्या नात्यातल्या स्केट माशाच्या भ्रूणात हा झुबका जबड्याच्या कमानीतूनच उगवतो, असं २०२२ साली दाखवलं गेलं. काही जातींत तो कातडीखाली दडलेला असतो, तेव्हा रोहूत सापडला नाही तर हिरमुसू नका. बाजारातून पुढच्या वेळी दुसरा मासा आणाल तेव्हा न विसरता झाकण उलटून बघा.

उकळणं

डोकं फडक्यात सैलसर बांधून उकळत्या पाण्यात सोडा आणि आच बारीक करा. दहा-बारा मिनिटं पुरे. कुकर लावू नका. सांधे सुटून सगळी हाडं एकमेकांत मिसळतात, आणि मग कोणतं कुठलं हे जाणकारालाही लवकर सांगता येत नाही. फडकं न उघडता गार होऊ द्या.

आधी गाल सोडवा. डोळ्याच्या मागे-खाली असलेला तो लुसलुशीत तुकडा, ज्याच्यासाठी मासे खाणारी माणसं डोकं आवर्जून मागून घेतात, तोच जबडा मिटणारा स्नायू. खुशाल खा. त्याचा आकार मात्र लक्षात ठेवा: एवढ्या मोठ्या डोक्यात चावायला एवढासाच मांसाचा गोळा, कारण रोहूला चावायचं नसतंच.

गाल निघाला की खाली एक जाडसर त्रिकोणी हाड दिसेल, ज्याच्या पुढच्या-खालच्या टोकाला गुळगुळीत उंचवटा असतो. हे क्वाड्रेट. तो उंचवटा खालच्या जबड्याच्या मागच्या टोकावरच्या खाचेत बसतो. ते टोक म्हणजे आर्टिक्युलर. जबड्याचा सांधा तो हा. बोटाने दोन-चार वेळा हलवून घ्या, मग अलग करा.

ब्रश लावण्याआधी खालच्या जबड्याची आतली बाजू भिंगाने तपासा. सांध्यापासून पुढे जाणारी एक बारीक, दुधट, अर्धपारदर्शक कांडी बहुतेक माशांत दिसते. ही मेकेलची कूर्चा. भ्रूणात खालचा जबडा म्हणजे फक्त एवढीच कांडी होती. तुम्हाला जबडा म्हणून जे मोठं हाड दिसतं ते डेंटरी, आणि ते कातडीखाली तयार झालेलं हाड कांडीवर चढलेलं आहे. वरच्या जबड्याची पुढची दोन्ही हाडंही तशीच, बाहेरून चढवलेली. जुन्या कमानीचे खरे वारस त्या कोपऱ्यातल्या सांध्यात बसलेले आहेत. ब्रश आधी फिरवलात तर ही कांडी निघून जाईल आणि या कामातला सर्वांत चांगला क्षण हातचा जाईल.

क्वाड्रेटच्या वर-मागे एक उभट, चपटं हाड असतं. त्याचं वरचं टोक कवटीच्या बाजूच्या खोबणीत बसलेलं असतं आणि मागे कल्ल्याचं झाकण लटकतं. हे हायोमँडिब्युलर, दुसऱ्या कमानीचा वरचा तुकडा. जबडा कवटीला टांगलेला आहे तो याच्या भरवशावर. याच कमानीचा खालचा भाग घशाच्या दोन्ही बाजूंनी जाड पट्टीसारखा पुढे गेलेला दिसेल आणि त्याला तीन चपट्या वाकड्या काड्या लागलेल्या असतील. त्या हाडांवरची नाजूक कातडी पंपाचा तळ बंद ठेवते.

घशातले दात

रोहूची गंमत म्हणालो ती आता. ओठ उलटून बघा. तोंडात दाताचा मागमूस नाही. आता कल्ल्यांच्या चार कमानी एकेक करून काढा. त्यांच्या मागे, खांद्याच्या हाडाला टेकून, दोन बाकदार जाड हाडं सापडतील. त्यांच्यावर चिकटलेलं मांस ब्रशने काढलं की तीन रांगांत घट्ट बसलेले दात दिसतात. ही कल्ल्यांच्या ओळीतली पाचवी कमान (जबड्यापासून मोजली तर सातवी). हिच्यावर कल्ल्याचे तंतू नाहीत. कवटीच्या बुडाशी, बरोबर समोर, एक कडक गादी आहे. दात तिच्यावर घासून शेवाळ आणि पाल्याचा चोथा होतो.

एका कमानीने कल्ल्याचं काम सोडून अन्न दळायला घेतलं, याचं जिवंत उदाहरण तुमच्या ताटलीत आहे. जबड्याच्या कमानीचं जे झालं त्याचा हा पुरावा नव्हे, कारण पाचवीची गोष्ट वेगळी आणि कितीतरी नंतरची. पण कमानीचा जबडा होऊ शकतो का, या शंकेला एवढं उत्तर भरपूर आहे. मोरे ईल नावाचा खडकात राहणारा मासा तर घशातला जबडा पुढे तोंडापर्यंत आणून भक्ष्य ओढून नेतो. हे कॅमेऱ्यात पकडलं गेलं ते २००७ साली.

फायदे मोजायला बाजारातच थांबा

पुस्तकात जबड्याचे फायदे म्हणून 'भक्ष्य पकडणे, चावणे, संरक्षण' अशी यादी असते. ती चुकीची नाही, पण त्यातून जबड्याने नेमका किती फरक पडला ते कळत नाही.

कटला, रोहू आणि मृगळ या तिन्हींची पिल्लं आपल्याकडचे शेतकरी एकाच तळ्यात सोडतात. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पृष्ठभागाजवळ खातो. रोहूचं किंचित खाली, तो मधल्या थरात. मृगळ तळाशी. तळं एक, आणि जबड्याचा कोन बदलल्याने अन्नाच्या वाटण्या तीन. आता समुद्राकडे या. बांगड्याचं तोंड उघडा: कल्ल्यांचे काटे इतके लांब असतात की बाहेरूनच दिसतात. तो आ वासून पोहतो आणि बारीक जीव गाळतो. बोंबलाचा जबडा डोळ्याच्याही बराच मागे जातो आणि आत सुईसारखे, घशाकडे वळलेले दात. जवळा आत गेला की परतीची वाट नाही. सुरमईचे दात चपटे आणि धारदार, तुकडा पाडणारे. उजनी धरणातली चिलापी तर जबड्याचा उपयोग पाळण्यासाठी करते: मादी अंडी आणि पिल्लं तोंडात घेऊन जबडा मिटून हिंडते.

पाण्यातल्या शिकारीची एक अडचण किनाऱ्यावरून लक्षात येत नाही. भक्ष्यावर झेप घेतली की आपल्याच अंगाने पुढे ढकललेलं पाणी त्या भक्ष्यालाही पुढे लोटतं. त्यावर उपाय म्हणजे तोंडाची पोकळी झटक्यात वाढवायची. आतला दाब पडतो आणि पाणी भक्ष्यासकट आत येतं. तुम्ही मघाशी चालवलेला श्वासाचा पंपच हा, फक्त वेग वाढवलेला. बहुतेक हाडांचे मासे चावत नाहीत, असेच गिळतात. डंक्लिऑस्टियस हा ३६-३८ कोटी वर्षांपूर्वीचा चिलखती मासा दात नसतानाही भयंकर होता. त्याच्या जबड्याच्या हाडांच्याच पाती झाल्या होत्या, उघडझाप होताना त्या एकमेकींवर घासून धार राखत, आणि हिशोबाप्रमाणे जबडा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात उघडत असे. त्याची लांबी पूर्वी सहा-सात मीटर किंवा अधिक सांगत. २०२३च्या फेरमोजणीत ती साडेतीन मीटरच्या आसपास आली. इंटरनेटवरची जुनी चित्रं बघताना हे ध्यानात ठेवा.

या सगळ्यावरून जबडा आला आणि बिनजबड्यांचा धुव्वा उडाला असं वाटेल. तसं घडलेलं नाही. चिलखती, जबडा नसलेले मासे जबड्यावाल्यांच्या शेजारी कोट्यवधी वर्षं नांदले आणि डेव्होनियन काळाच्या अखेरीस, सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी संपले. आज बिनजबड्यांपैकी लॅम्प्रे आणि हॅगफिश अशा शंभर-सव्वाशे जाती उरल्या आहेत. शाळेच्या पुस्तकातले चक्रमुखी ते हेच. लॅम्प्रेच्या गोल तोंडातले दात आपल्या नखांच्या द्रव्याचे असतात. हॅगफिशला मांस ओढून तोडता यावं म्हणून तो स्वतःच्या अंगाची गाठ मारतो आणि ती पुढे सरकवून जोर लावतो. जबड्याशिवाय जगता येतं, पण असले खटाटोप करावे लागतात.

मुशीचं डोकं मिळालं तर

लहान मुशीचं, म्हणजे छोट्या शार्कचं डोकं दुसऱ्या पातेल्यात, फक्त पाच-सहा मिनिटं. तिचा सांगाडा कूर्चेचा, जास्त उकळल्यास जबडा मऊ पडून वेडावाकडा होतो. वर एक जोडी, खाली एक जोडी, आणि मागून हायोमँडिब्युलरचा टेकू. वरचा जबडा कवटीला सांधलेला नाही, म्हणून तो पुढे झेपावू शकतो. दातांच्या पहिल्या रांगेमागे पुढच्या रांगा झोपून तयार असतात. विकत घेताना एवढं पाहा की शार्क आणि पाकटांच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. जात ओळखता येत नसेल तर हा टप्पा सोडून द्या, काही अडत नाही.

मुशीचा जबडा साधा दिसतो म्हणून तोच मूळ नमुना, असं समजू नका. चीनच्या युनानमधला एन्टेलोग्नॅथस, ४१.९ कोटी वर्षांपूर्वीचा, २०१३ साली उजेडात आला. हा चिलखती मासा, पण त्याच्या जबड्यावर आपल्यासारखी कातडीतून आलेली हाडं चढलेली होती. म्हणजे हाडांचा जबडा जुना, आणि मुशीने नंतर ती हाडं टाकली. २०२२ साली त्याच देशातल्या छोंगछिंग आणि ग्वेजौ इथल्या खडकांतून ४३.६ कोटी वर्षांपूर्वीचे अख्खे जबड्यावाले मासे आणि ४३.९ कोटी वर्षांपूर्वीचे दात मिळाले. शूयू नावाच्या आणखी एका चिनी जीवाश्माचं महत्त्व वेगळंच आहे. त्याला जबडा नव्हता, तरी नाकाच्या दोन पिशव्या अलग झालेल्या होत्या. लॅम्प्रेत नाकाची एकच नळी मधोमध असते आणि जबड्याच्या पेशींना पुढे सरकायला तिथे वाट राहत नाही. जबड्यासाठी जागा रिकामी झाली ती जबडा येण्याच्या आधी.

आता स्वतःचा कान

हात धुऊन तर्जनी कानाच्या भोकाच्या लगेच पुढे ठेवा आणि तोंड उघडझाप करा. हलतोय तो तुमचा जबड्याचा सांधा, पण रोहूचा सांधा तो हा नाही. आपला डेंटरी आणि कवटी यांच्यात आहे, सस्तन प्राण्यांनी नव्याने केलेला. क्वाड्रेट आणि आर्टिक्युलर बोटभर आत, मध्यकर्णात आहेत. क्वाड्रेटचं झालं ऐरण हाड, आर्टिक्युलरचं झालं हातोडी. हायोमँडिब्युलर झालं रिकीब, जेमतेम तीन मिलिमीटरचं. कार्ल राइशर्ट यांनी हातोडी आणि ऐरणीचं हे नातं १८३७ साली भ्रूण तपासून सांगितलं, डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या बावीस वर्षं आधी. ओपॉसम या कांगारूसारख्या पिशवीवाल्या प्राण्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचा नवा सांधा तयार नसतो. आईचं दूध ते जुन्याच सांध्यावर ओढतं.

हाडं ठेवायची कशी

भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात हाडं रात्रभर भिजवा, चरबी निघते. मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये काही तास. कपड्यांचं ब्लीच वापरू नका, हाड भुसभुशीत होतं. सावलीत वाळवा, ताटली पाण्याच्या परातीत ठेवून, नाहीतर मुंग्या येतील.

वाळल्यावर जाड पुठ्ठ्यावर क्रमाने चिकटवा आणि पोस्टर कलरने कमानीप्रमाणे रंग द्या. क्वाड्रेट व आर्टिक्युलर लाल, हायोमँडिब्युलर आणि घशाची जाड पट्टी निळी, चार कल्ल्यांच्या कमानी पिवळ्या, दातांची पाचवी कमान हिरवी. डेंटरी आणि वरच्या जबड्याच्या पुढच्या हाडांवर लाल रंग भरू नका; लाल रेघा मारा, म्हणजे कमान पहिलीच पण हाड कातडीतून आलेलं, हे बघणाऱ्याला कळेल. पुठ्ठ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात मध्यकर्णाच्या तीन हाडांचं चित्र काढा: हातोडी आणि ऐरण लाल, रिकीब निळी.